बसवंतअप्पांनी वाखाणलेला सिनेमा

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी औशात पाऊस झाला नाही. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवायला रंग आला, पाणी तेवढं यायचं राहिलं. विहिरी खोल गेल्या, लोकांना लांब दोर लागायला लागला, आणि साऱ्या बाजारात एकट्या बसवंतअप्पांचं दोरखंडाचं दुकान तेजीत चाललं. अप्पांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव सिनेमात होता.

तोही चालणाऱ्या सिनेमात नव्हे. कोरड्या तळ्यात निवृत्तीनं तंबूचं टॉकीज टाकलं होतं. गाजलेला सिनेमा लागला की अप्पा तिकडं फिरकत नसत, पडलेल्याला मात्र सगळ्यात आधी हजर. दुसऱ्या दिवशी दोर मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगायचे, "ष्टोरीचं सोडा वो. अ‍ॅक्टिंग बघा, डायरेक्शन बघा." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि तो सिनेमा हमखास टाळायचं. आम्ही शेजारचे दुकानदार तर तोंडावर हसायचो. "तुमच्यापायी मला बाजारातून जायाची चोरी झालीय," असं त्यांच्या पत्नी नीलम्मा म्हणायच्या.

मग तो विहीर खणणाऱ्याचा सिनेमा आला. एकच प्रत होती. लातूरला दाखवून झालेली रिळं एसटीनं औशाला यायची. पहिली रिळं घेऊन निघालेली गाडी पाण्यासाठी घागरी घेऊन बसलेल्या बायांनी रस्त्यात अडवली. मागची गाडी आडवाटेनं आली आणि शेवटची रिळं आधी पोचली. लोक ओरडायला लागले, तशी निवृत्तीनं हाताला आली ती लावून टाकली. नायक आधी दरडीखाली मेला, मग त्याचं लग्न झालं. तंबूत मोजकीच माणसं होती, त्यातली निम्मी झोपलेली. पैसे परत मागतील म्हणून निवृत्ती गप्प बसला.

अप्पा मात्र भारावून गेले. "माणूस मरणार हे आपल्याला ठावं हाय, त्याला न्हाई. तो नवरीसंगं हसायलाय, अन् आपल्याला त्याचं हसणं बघवंना. लई मोठं डायरेक्शन." हे सांगताना ते दोर मोजायचं विसरले. ते बघून असेल, पण पहिल्यांदाच गाव त्यांच्या शब्दावर तंबूत गेलं.

त्या दिवशी रिळं नेमकी क्रमानं आली. लोक चडफडत बाहेर पडले. अप्पा निवृत्तीवर धावून गेले, "डायरेक्टरनं लावलेलं तू उलटं करायलास व्हय?" निवृत्तीनं खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेरची गर्दी बघून मिटलं. दुसऱ्या दिवसापासून नायक आधी मरायला लागला. बाया पदर डोळ्याला लावून बाहेर यायच्या. बाजारात अप्पांना लोक विचारायला लागले, "पुढचा कोणता बघावा?" नीलम्मा मान वर करून बाजारातून जायला लागल्या.

सगळीकडं पडलेला आपला सिनेमा औशात चालतो, हे कळून दिग्दर्शक स्वतः आला. अप्पांनी हार आणला. निवृत्ती मशीनमागून हलेना. साहेब शेवटपर्यंत जमिनीवर बसून राहिले. मग माईक हातात घेऊन हळूच म्हणाले, "हा सिनेमा मी असा काढलेला नाही. रिळं उलटी लागलीत."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या. नीलम्मांनी खाली बघितलं. एवढ्या वर्षांत एकदाच मिळालेली इज्जत गेलीच, असं मलाही वाटलं, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं.

अप्पा हार घेऊन उभेच होते.

"मग चूक तुमची हाय, साहेब," ते म्हणाले. "अ‍ॅक्टिंग त्या पोरानं झकास केलीय, तेवढं त्याला सांगा."

आणि त्यांनी हार नेऊन निवृत्तीच्या गळ्यात घातला. पहिली टाळी दिग्दर्शकानंच वाजवली.