बसथांब्यावरचा वाचक

नीताने ब्लॉग सुरू केला तो खांदा कॉलनीत राहायला आल्यावर, २००९ साली. नोकरी सुटली होती, नवरा अविनाश सकाळी जायचा तो रात्री उगवायचा, आणि नव्या इमारतीत ओळखीचं कुणी नव्हतं. मुलगी समृद्धी तेव्हा बालवाडीत होती. तिच्या बडबडीचे किस्से नीता लिहू लागली. ब्लॉगवर तिने मुलीचं 'मुंगी' हे घरातलं नाव तेवढं वापरलं, आपलं आडनाव टाकलं नाही, फोटो तर नाहीच. एवढी काळजी पुरे, असं तिला वाटलं.

दोन वर्षांत नेहमीचे वाचक झाले. नाशिकची एक नर्स होती, मस्कतला एकटा राहणारा एक इंजिनिअर होता. पोस्ट टाकली की त्यांची प्रतिक्रिया यायचीच. पण वाचणाऱ्यांचा रोजचा आकडा प्रतिक्रियांपेक्षा कितीतरी मोठा असायचा. हे बाकीचे कोण, या कुतूहलाने तिने एकदा लिहिलं, "जे वाचतात पण कधी बोलत नाहीत, त्यांनी आज आपली ओळख करून द्याच."

उत्तरं येऊ लागली. कुणी कॉलेजातली मुलगी, कुणी रिटायर्ड पोस्टमास्तर. नीता हसत हसत वाचत होती. मग एक आलं.

"पहिल्या दिवसापासून सगळं वाचतो. मध्यंतरी मुंगी प्रत्यक्ष दिसली, फार आनंद झाला. ती हिरवी बाटली तिला जड होते हो, खांद्यावरून सारखी घसरते. – प्रभाकर."

बाटलीबद्दल नीताने कधीच लिहिलं नव्हतं.

तिने लगेच अविनाशला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "उत्तर देऊ नकोस. काढून टाक सगळं."

"काढून काय होणार? त्याने वाचलंय."

मग तिने आपलाच ब्लॉग परक्या माणसासारखा वाचायला घेतला. खिडकीसमोरची पाण्याची टाकी, इमारतीखालची पिठाची गिरणी, शाळेच्या बसची वेळ, बस चुकली तेव्हाची धावपळ. 'बाबा दौऱ्यावर, घरी आम्ही दोघीच' हेसुद्धा. एखाद्याला घर दाखवायला आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवसापासून ती समृद्धीला रिक्षाने शाळेत सोडू लागली. दुपारी बेल वाजली तरी आधी दाराच्या भोकातून बघायची. अशातच उरणहून मासळी घेऊन येणारी गंगाबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, एक म्हातारा गिरणीजवळ तुमचाच पत्ता इचारीत होता. बारकी पोरगी हाय, आय लिवते, असं कायतरी बोलत होता. मी बोलली, मना नाय माहीत."

"कसा होता दिसायला?"

"कसा म्हणजे? म्हातारा. चांगल्या घरचा वाटला."

चांगल्या घरचा, याने नीताची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. त्या दिवशी तिने कोलंबी घेतलीच नाही.

अविनाशने रजा काढली. "असं किती दिवस रिक्षाने नेशील? बसलाच उभी राहा. मी जरा लांब थांबतो. येऊ दे त्याला."

आणि दुसऱ्या सकाळी थांब्यावर तो आलाच. दुधाची पिशवी हातात, डोक्याला कानटोपी, सरळ त्यांच्याच दिशेने. वाकून म्हणाला, "काय मुंगी!"

घरातलं नाव ऐकून समृद्धी हसली आणि एक पाऊल पुढे गेली. नीताने तिला अशी खेचली की पोर कळवळून रडू लागली. "मागे व्हा! हात लावायचा नाही तिला!" तोवर अविनाशने धावत येऊन म्हाताऱ्याची कॉलर धरली होती. माणसं जमली.

"अहो, मी प्रभाकर," म्हातारा म्हणाला. "तुम्हीच लिहिलंत ना, ओळख करून द्या म्हणून? मी काय चुकीचं केलं? घरी चला, हवं तर. माझ्या बायकोला विचारा."

संध्याकाळी दोघं गेली. समृद्धीला शेजारी ठेवलं. घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्यांची बायको, शोभाताई, पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रभाकर त्यांना रोज ब्लॉग वाचून दाखवायचे, जुने भाग पुन्हा पुन्हा. पत्ता विचारला होता तो गूळपोळ्या पाठवायच्या म्हणून.

शोभाताईंनी चालत्या हाताने नीताचा हात धरला. जड जिभेने म्हणाल्या, "सासूबाईंचा राग गेला का गं? आणि ते पोटातलं बाळ गेलं... अजून रडतेस?"

त्या बाळाबद्दल नीताने एकदाच, चार ओळी लिहिल्या होत्या. अविनाशने तर स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. या बाईच्या डोळ्यांत माया होती, नीताला ती दिसत होती. तरी तिला कधी एकदा हात सुटतो असं झालं.

जिना उतरताना अविनाश म्हणाला, "बिचारी म्हातारी माणसं. उगाच घाबरलो आपण. मी तर कॉलर धरली त्यांची."

"ही दोघं कळली," नीता म्हणाली. "रोज ब्लॉगवर येणारे बाकीचे कोण आहेत, ते कुठे कळलंय?"

त्याच आठवड्यात तिने ब्लॉग बंद केला. प्रभाकरना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, "बरं. पण हिला काय सांगू?"

 महिनाभराने एका रविवारी ती आपणहून त्यांच्याकडे गेली आणि समृद्धीने स्नेहसंमेलनात काय गोंधळ घातला ते सांगत बसली. मग दर रविवारी जाऊ लागली. शोभाताई तोंडाला पदर लावून हसायच्या. निघताना दर वेळी म्हणायच्या, "एकदा तिला आण ना. नुसती बघीन."

"आणते हं," नीता म्हणायची. खरंच आणावं असं तिला वाटायचंही. पण पुढच्या रविवारी समृद्धी चपला घालून दारात उभी राहिली, "आई, मी पण येऊ?" म्हणाली, की नीता तिला आत अविनाशकडे पाठवायची, बाहेरून कुलूप लावायची, ते दोनदा ओढून बघायची आणि एकटीच निघायची.