शेवटचा सामना झालाच नाही

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात आम्ही श्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ह्यांची डॉक्टरेट चालू होती. सकाळी ट्रामने जायचे ते दिवे लागल्यावरच परत यायचे. मी लग्न होऊन मिरजेहून थेट तिथे आलेली. जर्मन अजिबात येत नव्हतं आणि इंग्रजी शाळेत शिकले तेवढंच.

वरच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं राहत होतं. नवरा जवळच्या बराकीत सैनिक, बायको माझ्याच वयाची आणि दिवस राहिलेली. आमची ओळख जिन्यामुळे झाली. घरमालकीण दर आठवड्याला एकेकाच्या दारावर ‘केरवोखे’ची पाटी अडकवायची. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना धुवायचा. ती पाटी हातात घेऊन वरची अमेरिकन मुलगी माझ्याकडे आली. “हे बक्षीस आहे का?” मला सांगता येईना, म्हणून मी बादली आणि फडकं उचलून दाखवलं. ती पायरीवर बसून पोट धरून हसली.

तिने अमेरिकेहून आणलेला रेडिओ पहिल्याच दिवशी इथल्या विजेवर लावला आणि त्यातून धूर निघाला. म्हणून सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागली. अमेरिकन सैनिकांसाठीच्या स्टेशनवर आदल्या दिवशीच्या कॉलेज सामन्यांचे निकाल सांगत. तिचे वडील मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावात, लहानशा कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच होते.

“फुटबॉल ना? मग हातात का धरतात?” मी पहिल्या दिवशी टीमचा फोटो बघून विचारलं.

तिने माझ्या टोपलीतले बटाटे घेतले, टेबलावर समोरासमोर दोन ओळी मांडल्या आणि एक कांदा मधे ठेवला. कांदा पलीकडे न्यायचा, बाकीच्यांनी अडवायचं. मला पुढचं फारसं कधी कळलं नाही. निकाल तेवढा कळायचा. जिंकलेल्याचं नाव आधी घ्यायचे, हरलेल्याचं नंतर. मोठमोठी विद्यापीठं आधी, लहान कॉलेजं शेवटी, तीही निवेदक घाईघाईने उरकायचा. ती रेडिओला कान लावून उभी राहायची आणि मी गॅसवरचं दूधसुद्धा आवाज नको म्हणून उतरवून ठेवायची. त्या वर्षी तिच्या कॉलेजचं नाव दर वेळी नंतरच आलं.

पहिल्याच सामन्यात त्यांच्या मुख्य खेळाडूचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याच्या जागी उभं करायला दुसरा धड कोणी नव्हता. ऑक्टोबरात आईच्या पत्रातून तिला कळलं की, गावातल्या कोणीतरी त्यांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवली, म्हणजे कोचने आता गाव सोडावं. वडिलांनी ती उपटली, तर पुढच्या हरलेल्या सामन्यानंतर दोन पाट्या उभ्या.

“ज्यांनी रोवल्या ना, त्यांच्या मुलांना पप्पांनीच पोहायला शिकवलंय,” ती म्हणाली.

मी शिरा केला होता, तो तिच्यापुढे सरकवला. तिने खाल्ला, छान झालाय म्हणाली आणि रडली. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, “अहो, एवढ्या लांबून काही करता येत नाही का हो?” हे म्हणाले, “खेळ आहे तो. आपण काय करणार?”

नोव्हेंबरात एक आशा उरली. शेवटचा सामना शेजारच्या गावच्या कॉलेजशी होता, जुनं वैर. तो जिंकला तर आणखी एक वर्ष ठेवू, असं प्राचार्यांनी वडिलांना सांगितलं होतं. मोडलेलं हाडही जुळलं होतं, तो मुलगा खेळणार होता. ती आठवडाभर हसतमुख होती. बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटरही तिने कॉलेजच्या रंगाचा निवडला.

सामना शनिवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी घरमालकीण धापा टाकत जिना चढून आली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली होती. जूनमध्येच ते जर्मनीत येऊन गेले होते, लोकांना ते घरच्यासारखे वाटत. आमच्या रस्त्यावर खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. वरच्या मजल्यावरच्या नवऱ्याला बराकीतच थांबवून घेतलं, त्यामुळे ती एकटी होती.

शनिवारी मी तिला घेऊन बेकरीत गेले. ती अमेरिकन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेकरीवालीने काउंटरबाहेर येऊन तिचे हात धरले. रस्त्यात एका म्हाताऱ्याने टोपी काढली. घरी आलो तर घरमालकिणीने तिला जिन्यातच छातीशी धरलं, “आर्मेस किंट, आर्मेस किंट,” बिचारं पोर. ती हुंदके देत होती. दार लावल्यावर मला हळूच म्हणाली, “मलाही त्यांचं वाईट वाटतंय गं, खरंच. पण आज सामना होईल का, हे मी कोणाला विचारू?”

रविवारी सकाळी आम्ही रेडिओ लावला. नुसतं संथ संगीत. निकालांची वेळ आली आणि गेली. ती तशीच उभी. मी म्हटलं, “बैस गं, पाय सुजतील.” तिने ऐकलं नाही.

मंगळवारी खाली घरमालकिणीच्या फोनवर तिच्या आईचा कॉल आला. मी तिच्याबरोबर उतरले. सामना रद्द झाला होता, पुन्हा घेणार नव्हते. काल प्राचार्यांनी वडिलांना बोलावून नोकरीतून मोकळं केलं होतं. वडिलांनी फोन घेतला, तेव्हा त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. सामना रद्द केला ते बरोबरच झालं, म्हणाले. मग विचारलं, “तिकडे थंडी पडली का? कोळसा भरून ठेवलाय ना?”

“हो पप्पा,” ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावरही तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही. घरमालकीण स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत होती. तिला वाटलं, ही अजून राष्ट्राध्यक्षांसाठीच रडतेय. मला ते जर्मनमध्ये समजावून सांगता आलं नाही. येत असतं तरी त्या आठवड्यात सांगितलं असतं का, कोण जाणे. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. ‘सॉरी’ म्हणावं, तर तो शब्द तिने चार दिवसांत इतक्या जणांकडून ऐकला होता की, माझ्या तोंडून निघेना.

फेब्रुवारीत तिला मुलगा झाला आणि उन्हाळ्यात त्यांची परत अमेरिकेत बदली झाली. पुढच्या नाताळात कार्ड आलं. वडील दुसऱ्या गावात शाळेत इतिहास शिकवतात, शनिवारी आईला घेऊन बाजारात जातात आणि नातवाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात, असं लिहिलं होतं.

ह्यांनी कार्ड वाचलं आणि विचारलं, “आणि खेळाचं काय?”

मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्याबद्दल तिने काहीच लिहिलं नव्हतं.