पाइपाला लावलेला कान

रुक्मिणीला मी शेवटचं पाहिलं ते संभाजीनगरच्या एका दवाखान्यात, हृदयाचा इको काढायच्या खोलीत. डॉक्टरांनी छातीवर यंत्र टेकवलं, पडद्यावर झडपांची उघडझाप दिसू लागली, आणि ही बाई स्वतःचं दुखणं विसरून मलाच शिकवायला लागली. "बघ, हा आवाजच आहे. आपल्या कानाला पकडता येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला. आत जातो, आदळून परत येतो, त्याचं हे चित्र." डॉक्टर म्हणाले, "बाई, बोलू नका." चौथ्या दिवशी तिच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली..."

बिडकीनच्या शाळेत आम्ही दोघी बावीस वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायची, ती विज्ञान. पाचोडकडच्या मेंढपाळाच्या घरातली, घरात पहिली शिकलेली. लाटांचा धडा आला की पोरांना व्हरांड्यात एकामागं एक उभं करायची, खांद्यावर हात ठेवायला लावायची आणि शेवटच्याला हलकेच ढकलायची. धक्का सरसर पुढं जायचा. "धक्का गेला, पण तुम्ही कुठं गेलात? जागेवरच ना? हीच लाट." खोटं तिला खपत नसे. प्रयोगाच्या वहीत पोरानं मापं मनानं लिहिली, तर पान फाडायची.

एका उन्हाळ्यातला शनिवार. सकाळची शाळा सुटत होती आणि मागच्या शेतातून मोठा धडाडा ऐकू आला. तिथं विहीर खोल करायचं काम चाललं होतं. बाकीचे मजूर चहाला वर आले होते, दगडू नावाचा एकच मजूर खाली होता, आणि एका बाजूची कड ढासळली. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीत नुसता मातीदगडांचा ढीग, त्यातून तिरका वर आलेला पाण्याचा लोखंडी पाइप. गाळ उपसायच्या यारीचं इंजिन धडधडत होतं. दगडूची बायको साळूबाई छाती बडवत होती. शेतमालक म्हणाले, "आता काय राह्यलंय? यारी लावा, मोठाले धोंडे आधी उचला."

"थांबा!" रुक्मिणी ओरडली. "धोंडा हलला तर वरचं सगळं खाली बसंल. इंजिन बंद करा. कुणी बोलू नका."

ती कडेला पालथी पडली आणि पाइपाला कान लावला. लोखंडातून आवाज हवेपेक्षा पंधरा पट वेगानं जातो, वाटेत फारसा विरत नाही, हे ती दर वर्षी फळ्यावर लिहायची. तिनं दगडानं तीनदा ठोकलं. कान तसाच दाबून धरला. मग तिचा चेहरा पालटला. "तीन... त्यानं तीन ठोके दिले. जिता हाय!"

चौघं दोर बांधून उतरले. हातानं माती काढायची, पाटीत भरायची, वर द्यायची. मधूनच कडेची माती सुटायची आणि सगळे अंग चोरायचे. मी रुक्मिणीचे पाय धरून बसले होते, कारण ती पडली होती ती जागाही तडकली होती. दर थोड्या वेळानं ती ठोकायची, खालून उत्तर यायचं. दुपार उलटली तसं उत्तर मंदावलं. तीनाचे दोन, दोनाचा एक.

तेवढ्यात कडेच्या मातीचा आणखी एक मोठा लपका सुटला. खालचा एक जण घाबरून वर आला, दुसऱ्यानं हातातली पाटी टाकली. "बाई, येतंय का काय ऐकू? नसंल तर आमचा जीव कशापायी घालायचा?"

रुक्मिणीनं ठोकलं. कान लावला. परत ठोकलं. साळूबाई तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"येतंय," रुक्मिणी म्हणाली. "बारीक हाय, पण येतंय. हात चालवा."

दिवस मावळायच्या आत दगडूला वर काढलं. एका कपारीत अडकला होता. एक पाय चिरडलेला, पण श्वास चालू. लोक रुक्मिणीच्या पाया पडायला लागले. तिनं पाय मागं घेतले आणि कुणाशी न बोलता शाळेत गेली. मी मागोमाग गेले, तेव्हा प्रयोगशाळेत मला म्हणाली, "शेवटी मला काहीच ऐकू आलं नव्हतं गं. मी खोटं बोलले. कड पुन्हा सुटली असती तर चौघं गेले असते... माझ्या शब्दावर." पुढं कुणी हा विषय काढला की ती उठून जायची. दगडू दिवाळीला भेटायला यायचा, लंगडत. त्यालाही ती चहा द्यायची आणि त्या दिवसाचं बोलूच द्यायची नाही.

रुक्मिणीच्या दहाव्याला दगडू आला होता. माणसं पांगल्यावर तिच्या घरच्या ओसरीत आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी त्याला सांगून टाकलं. त्याच्यापासून कशाला लपवायचं आता?

"मला येत हुतं की ऐकू," तो म्हणाला. "शेवटपतुर. बाई ठोकायच्या, मी मोजायचो. हात उचलंना, म्हून जबाब देता येईना. वाटायचं, बाईला वाटंल मी मेलो. तरी त्या ठोकीतच ऱ्हायल्या... म्हून म्या डोळं मिटलं नाय."

"हे तू तिला कधी सांगितलं नाहीस?"

"बोलू कुठं देत हुत्या?"

मी उठले. हे आत्ताच्या आत्ता तिला सांगायला हवं, म्हणून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार उघडंच होतं. आत तिच्या फोटोपुढं दिवा तेवत होता.