इंजिनाच्या गप्पा

दाजी मला कधी फोन करत नाहीत. घरातलं काय ते ताई सांगायची आणि मागून ‘मीही बरा आहे म्हणावं’ एवढाच त्यांचा आवाज यायचा. त्यामुळे त्या दिवशी ऑफिसात मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलेच. “सुमन...” एवढं म्हणाले, आणि मग, “ये तू.” ताईला न्यूमोनिया झाला होता, दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळीच मी तिला पेज भरवून आले होते. बरी वाटत होती. निघताना म्हणाली होती, “उद्या माझा कंगवा आण गं, इथल्या आरशात मी अगदी भुतासारखी दिसते.” कंगवा माझ्या पर्समध्येच होता...

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, रंजना. आमचं गाव साताऱ्याकडचं. फौजेतल्या माणसाशी लग्न होऊन ती दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आली, आणि पुढे मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मीही तिच्याच क्वार्टरमध्ये राहायला आले. दाजी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. गाड्या दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि आवडही. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांची, बरेच दिवस नुसती उभी असलेली छोटी गाडी त्यांनी विकत घेतली. सुट्टीच्या दिवशी कँटोन्मेंटच्या रिकाम्या रस्त्यांवर ते ताईला चालवायला शिकवत. गावाकडे सायकलवरही न बसलेली माझी बहीण स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर बघत राहायची, आणि दाजी तिच्याकडे. मग त्यांची बदली सीमेवर झाली. गाडी आणि आम्ही दोघी मागे राहिलो.

तो रविवार मला लख्ख आठवतो. दुसऱ्या दिवशी दाजी सुट्टीवर येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून आपण स्वतः गाडीने आणायचं, असं ताईने ठरवलं होतं. पण गाडी आचके देत होती. दाजी फोनवर म्हणाले, प्लग बदलून बघ, मी सांगतो तसं कर. ताईने ओढणी कमरेला खोचली, बॉनेट उघडलं आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. “इंजिन गार आहे ना?” “आहे.” “एका वेळी एकच वायर काढायची. सगळ्या एकदम काढल्यास तर कुठली कुठे लावायची कळायचं नाही. आणि वायर धरून ओढायचं नाही हां, आतून तुटते. खाली प्लगवर रबराची टोपी बसलेली आहे बघ, ती धर. आधी फिरव, मग वर घे.” पहिल्या तीन टोप्या कुरकुरत का होईना, निघाल्या. प्रत्येक वेळी नवा प्लग बसवून ताई टोपी परत लावायची. चौथी मात्र हलेना. “अहो, फिरतच नाही! चिकटून बसलीय.” “उष्णतेने रबर धरतं. तो चिकटलेलं सोडवायचा स्प्रे आहे ना, टोपीच्या कडेने मार आणि जरा थांब. आत उतरू दे.”

तिने स्प्रे मारला. आम्ही थांबलो. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. आणि त्या थांबण्यातच दाजी म्हणाले, “अगं... सुट्टी रद्द झाली. सगळ्यांचीच झालीय.”

मी ताईकडे बघितलं. तिचा हात त्या टोपीवर तसाच होता. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी केलेल्या करंज्यांचा डबा भरलेला होता, दाराशी धुतलेली सतरंजी वाळत होती. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर चिडेल. ती म्हणाली, “बरं. आता किती वेळ थांबू? की लगेच फिरवू?” दाजी म्हणाले, “फिरव. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. जोर नको लावू.” ती हळूहळू फिरवत राहिली आणि ते पलीकडून “आता? हलतंय का?” असं विचारत राहिले. शेवटी टोपी सुटली, तेव्हा दोघांपैकी कुणालाच फोन ठेवायचा नव्हता. ताईने मग हवेच्या फिल्टरबद्दल विचारलं, बॅटरीच्या पाण्याबद्दल विचारलं, पुसून झालेली जागा पुन्हा पुसत काहीबाही विचारतच राहिली...

दुसऱ्या दिवशी दाजींच्या ट्रेनच्या वेळेला ती मला म्हणाली, “चल, स्टेशनपर्यंत जाऊन येऊ.” मी म्हटलं, “अगं, पण ते येणार नाहीत ना?” “माहितीय. रस्ता तरी बघून ठेवते. पुढच्या वेळी चुकायला नको.” धौला कुआँच्या चौकात आमच्यामागे हॉर्नचा नुसता गोंगाट उठला, पण ती नेटाने पोचली. स्टेशनबाहेर गाडी लावून आम्ही बॅगा घेऊन बाहेर पडणारी माणसं बघत बसलो. एक फौजी आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन गेला. ताईने गिअर टाकला. “गाडी मस्त चालतेय,” म्हणाली, “त्यांना सांगायला हवं.”

पुढे दाजींच्या जिथे जिथे बदल्या झाल्या, तिथे तिथे ताईचे हे फोन गेले. ट्यून-अप करायचं ते फोनवरच. एव्हाना तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. मी एकदा म्हटलंही, “तुला येतं की सगळं, मग त्यांना कशाला विचारतेस?” ती हसली. “जेवलात का, बरे आहात का, हे दोन मिनिटांत संपतं गं. मग तेही गप्प, मीही गप्प. इंजिनाच्या गप्पा संपत नाहीत.”

दाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी गाझियाबादला पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मला वाटलं, आता गाडी दाजी बघतील. पण नाही! ताई खाली बॉनेटशी उभी आणि दाजी वर बाल्कनीत चहा घेत. ती खालून ओरडायची, “अहो, ही निघत नाहीये!” आणि ते वरून सांगायचे. सोसायटीतली मंडळी हसायची. “अंकल, नीचे आ जाइए ना!” दाजी म्हणायचे, “मॅडमने मना किया है.”

आता ताई नाही, आणि गाडीचीही दिल्ली परिसरातली मुदत संपली आहे. इतकी जुनी गाडी इथे चालवता येत नाही. भंगारात द्यायला दाजी तयार नाहीत, ती ते गावी नेणार आहेत. एवढ्या लांबच्या प्रवासाआधी प्लग बघून घ्यावेत म्हणून गेल्या रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं. मी शेजारी उभी होते. पाय रोवून, चांगला जोर लावायच्या तयारीनेच त्यांनी पहिली टोपी धरली, आणि ती एवढी अलगद सुटली की त्यांचा हात झोक्याने मागे गेला. त्यांनी टोपी उलटी करून बघितली. आत पारदर्शक ग्रीसचा पातळ हात दिलेला होता. रबर पुन्हा चिकटू नये म्हणून लावतात तो. प्लगही नवाच होता. दुसरी, तिसरी... सगळ्या तशाच.

“हे कधी केलं हिने?”

“दिवाळीनंतर असेल,” मी म्हटलं. “तुम्ही गावी होता तेव्हा.”

“मला फोन नाही केला.”

“तुमच्या आईंचं आजारपण चाललं होतं ना, दाजी. त्यात कुठे त्रास द्यायचा, असं वाटलं असेल तिला.”

ते टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “कुठे रबर फाटू दिलं नाही बघ,” एवढं म्हणाले. बोटाचं ग्रीस पुसायला मी फडकं पुढे केलं, तर मान हलवून नको म्हणाले. मग एकेक टोपी त्यांनी जागच्या जागी दाबून बसवली. शेवटची मात्र हातातच धरून उभे राहिले. वर बाल्कनीत ताईच्या तुळशीला ऊन आलं होतं. शेजारच्या गाडीवाल्याला बाहेर पडायचं होतं, तो थोडा वेळ थांबला आणि वळसा घालून निघून गेला.

“दाजी, बसवताय ना?” मी हळूच विचारलं.

“बसवतो गं,” ते म्हणाले. “काय घाई आहे...”