पप्पांचा ‘ग’

आमच्या पप्पांचा ‘ग’ बाजारात मिळत नाही. सा, रे, म, प हे सगळे कुठल्याही पेटीवर मिळतात. ‘ग’ मात्र त्यांना हवा असतो तो पेटीतल्या ‘ग’पेक्षा केसभर खाली, आणि पेटीला केसभर कळत नाही. पट्टी दाबली की वाजते, सोडली की गप्प! विक्रोळीतल्या कारखान्यात नोकरी करता करता पप्पा चाळीस वर्षं विहाराच्या गायन पार्टीत पेटी वाजवत गायले आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर घरी येऊन चपला काढायच्या आधी म्हणाले, “तो ‘ग’ माझा नव्हता.”

यंदा बुद्धपौर्णिमेला त्यांना पहिल्यांदाच एकट्याने गायला मिळणार होतं, तेही स्वतः रचलेलं गाणं. इतकी वर्षं ते कोरसमध्ये. आणि हे अख्खं गाणं त्या एका ‘ग’वर उभं होतं.

“तो चुकला तर माझं गाणं गेलं,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी मरोळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो (मम्मी हेच काम घरात फुकट करते). मी लगेच छाती पुढे काढली.

“पप्पा, संगीताची सॉफ्टवेअर असतात. लॅपटॉपवर हवा तो सूर बनवता येतो.”

“माझा ‘ग’ पण?”

“तुमचा ‘ग’ पण!”

रविवारी पहिलं सॉफ्टवेअर आलं. पप्पा माईकसमोर मांडी घालून गायले. स्क्रीनवर सगळे सूर हिरवे, ‘ग’ तेवढा लालभडक! वर त्या शहाण्याने पप्पांचा ‘ग’ स्वतःच उचलून पेटीच्या ‘ग’वर नेऊन बसवला. पप्पांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“मला बेसूर म्हणतो? कोण आहे हा?”

“पप्पा, तो माणूस नाही.”

“ते कळलंच!”

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग’ खाली आला, पण आपल्याबरोबर सगळ्या सप्तकाला घेऊन खाली आला. मम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, “अगं, यांची तब्येत बरी आहे ना? असे का गातायत?”

तिसरं सॉफ्टवेअर मात्र झकास निघालं. त्यात एकेक सूर वेगळा वरखाली करता येत होता. त्याहून भारी म्हणजे सप्तकात बाराऐवजी बावीस सूर बसवायची सोय होती. आपल्या बावीस श्रुती! मी त्या सगळ्या भरल्या, माऊसने टिचकी मारली आणि लॅपटॉपमधून तो आला. केसभर खालचा. पप्पांनी डोळे मिटले. “पुन्हा वाजव,” ते म्हणाले. मी पुन्हा वाजवला. मग ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मम्मीने मला खुणेनेच विचारलं, रडतायत का? मी मान हलवली. मलाही रडू आलं होतं (आणि थोडा गर्वही, खोटं कशाला बोलू).

आता फक्त पेटीसारखा वाजवायला एक कीबोर्ड हवा होता. ऑफिसातल्या मैत्रिणीचा छोटा कीबोर्ड कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मिळाला. मी तो वायरने लॅपटॉपला जोडला, एक पट्टी दाबली, आवाज आला. तपासणी संपली! एक पट्टी! एवढ्यावर ऑफिसात कोणी काम पास केलं असतं, तर मी त्याला दोन पानी मेल लिहिली असती.

संध्याकाळी विहाराचा हॉल गच्च. पहिल्या रांगेत कमिटी, मागे अख्खी कॉलनी. ढोलकीवर पप्पांचे कारखान्यातले जुने मित्र मोरेकाका. पप्पांनी पांढरा सदरा घातला होता. “जय भीम, नमो बुद्धाय,” म्हणून ते बसले आणि सवयीप्रमाणे अंगठ्याने खालचा सा आणि करंगळीने वरचा सा एकदम दाबला.

जे वाजलं ते मी आजवर कुठेही ऐकलेलं नाही! कमिटीच्या मागच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच ‘पुढे चला’ केलं. त्यांनी सा रे ग म वाजवून पाहिलं. बोटं ‘म’च्या पट्टीपर्यंत चालून गेली, तरी सूर सा सोडून जेमतेम रे पर्यंत पोचले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कीबोर्डवर एका सप्तकाच्या पट्ट्या बारा. मी त्यांच्यावर ओळीने सूर बसवले होते बावीस! पप्पांच्या बोटांना चाळीस वर्षांत पाठ झालेली प्रत्येक जागा मी हलवून ठेवली होती. वरचा सा तर पार कीबोर्डाच्या टोकाला जाऊन बसला होता. आणि खरी पेटी? ती मीच हट्टाने घरी ठेवायला लावली होती.

“ए पोरी,” मोरेकाका ढोलकीवर वाकून कुजबुजले, “हे काय लावलंयस?”

“काका, श्रुती आहेत.”

“त्यांना गप्प बसव ना आधी!”

मी धावत जाऊन वायर उपटली. मम्मीने तोंडाला पदर लावला होता. पप्पांचे हात पट्ट्यांवर तसेच. मला वाटलं, गेलं. त्यांचं एकुलतं एक गाणं मी खाल्लं.

पप्पांनी कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला, डोळे मिटले आणि नुसतेच गायला लागले. मोरेकाकांनी थाप दिली. पहिली ओळ किंचित थरथरली. दुसऱ्या ओळीत तो ‘ग’ आला. नेमका केसभर खाली. कुणाला श्रुती कळतात तिथे? पण अख्खा हॉल एकदम “वाह!” म्हणाला. गाणं दोनदा गायला लावलं लोकांनी.

घरी जाताना मी मान खाली घालून चालत होते.

“पप्पा, सॉरी.”

“सॉरी कसलं? चाळीस वर्षं पेटी सोडून गायची भीती वाटत होती मला. पेटी नसली तर सूर सुटेल असं वाटायचं. आज तू दुसरा इलाजच ठेवला नाहीस!”

दुसऱ्याच आठवड्यात घाटकोपरच्या विहारातून पप्पांना गायचं आमंत्रण आलं. मोरेकाकांनी फोनवर तारीख, वेळ, पत्ता सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पोरीला पण आणा हां. फक्त निघताना तिची पिशवी तपासा.”