एकाच कंपनीचे दोन हेडफोन

नाना, म्हणजे माझे वडील, घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी उलटी करायचे. मिक्सर असो की टीव्ही, समोरची बाजू नंतर. मागच्या पट्टीवर देशाचं नाव वाचायचं आणि पसंत पडलं तर "हं" म्हणायचं. पसंत नसलं तर काहीच बोलायचं नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी मीटर तपासण्यात गेली होती. त्यांच्या लेखी एखाद्या वस्तूवर जर्मनी लिहिलेलं असलं की विषय संपला.

त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी जळगावच्या दुकानातून त्यांच्यासाठी एक भारीतला हेडफोन घेतला. निवृत्तीनंतर त्यांना गाण्याचं वेड लागलं होतं. वाढदिवसाला आम्ही सगळे धुळ्याला अक्काकडे जमलो. अक्का त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. माझा भाऊ जर्मनीहून सुट्टीवर आलेला. मी खोका पुढे केला, तर त्याने बॅगेतून काढला तोही हेडफोनच. तीच कंपनी, तेच मॉडेल. एकमेकांना न विचारता केलेल्या आमच्या शहाणपणावर सगळं घर हसलं.

नानांनी दोन्ही उलटे केले. भावाने आणलेला जर्मनीत बनलेला, माझा चीनमध्ये. त्यांनी आधी माझा लावून गाणं ऐकलं, मग चष्मा काढून ठेवला, मागे टेकून डोळे मिटले आणि भावाचा लावला.

"हं," ते म्हणाले. "फरक आहे. याचा आवाज कसा भरीव येतो."

मला खरंच वाईट वाटलं. "नाना, तुम्ही पट्टी वाचून ऐकताय," मी म्हणाले.

दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं. नाना सरळ होऊन बसले. "मुद्दा बरोबर आहे. मग रीतसर तपासू. डोळे बांधा माझे. आणि गाणं नको, मला पाठ असलेला आवाज लावा."

पाठ असलेला आवाज त्यांनी स्वतःच सुचवला, अक्काचा. मागच्या वर्षी श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सणाला मी तिची गाणी लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती. भावाने त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. तो नाणं उडवायचा आणि छापा-काटा बघून एक हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवायचा. मी वहीत लिहायची. अक्का लसूण सोलता सोलता आपल्या भावाकडे बघत होती.

"जर्मनी," नाना म्हणायचे. "चीन. नाही, थांब... जर्मनी."

दहा वेळा झालं. दहापैकी पाच बरोबर.

"म्हणजे मी नाणंच उडवत होतो की," पंचा सोडत नाना म्हणाले. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "मघाशी फरक ऐकू आला होता मला. खोटं नाही सांगत."

अक्का लसणावरून मान वर न करता म्हणाली, "मघाशी तुना चष्मा व्हता ना भाऊ. चीनवाला लावा तवय."

नानांनी चष्मा चढवला आणि जर्मनीचा हेडफोन लावला. मग चष्मा काढून पुन्हा ऐकलं. आणि लहान मुलासारखे टाळी वाजवून ओरडले, "सापडलं! चष्म्याच्या काडीमुळे हेडफोनची गादी कानाला नीट टेकतच नाही. भरीवपणा तिथून निसटतो!" त्यांनी तो हेडफोन आम्हा प्रत्येकाला, चष्मा लावून आणि काढून, ऐकायला लावला. हरल्याचा आनंद इतका मोठा असतो हे मी तेव्हा पाहिलं.

जेवताना ते आपणहून बोलू लागले. नोकरीत एकदा एकाच देशातून, एकाच कंपनीचे दोन मीटर आले होते. एक वर्षानुवर्षं काटेकोर चालला, दुसरा पहिल्या महिन्यातच चुकीचं दाखवू लागला. "तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटी तपासणारा माणूस किती कडक, त्यावर सगळं. तो कुठल्या देशात बसतो त्यावर नाही. आणि मी जन्मभर तपासणारा असून पट्ट्या वाचत बसलो!"

जेवणं झाल्यावर मी अक्काच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिने आपलंच गाणं कधी ऐकलं नव्हतं. तिचे हात मांडीवर थांबले. मग कानांवर हेडफोन असल्याचं भान न राहून ती मोठ्याने म्हणाली, "हाऊ मना आवाज शे?"

"तुझाच अक्का," नाना म्हणाले. तिला ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हात हलवून सांगितलं.

मग तिला दुसराही लावून दिला. कोणता चांगला, असं भावाने खुणेने विचारलं. तिने थोडं ऐकलं आणि हसली. "दोन्हीस्मा मीच शे ना! चांगलाच ऱ्हाई!"

एक हेडफोन तिच्याकडेच ठेवायचं ठरलं. कोणता, हे नानांनी विचारलं नाही. आम्ही जळगावला निघायच्या तयारीला लागलो, तर दोघं बहीणभाऊ दारापुढच्या ओट्यावर शेजारी शेजारी हेडफोन लावून बसलेले. दोघं एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलत होते, की समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन हसत उभ्या राहिल्या.