सळई नेहमी खाली

आम्ही वर्गात साठजण होतो आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची पुस्तकं ग्रंथालयात चार. त्यातलं एक सरांच्या घरी, एक कायम बांधणीला गेलेलं. उरलेली दोन कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालाच्या खिशात आणि ग्रंथपाल चहाला. डिप्लोमाची फी मात्र साठही जणांकडून पूर्ण घेतलेली.

बरं, पुस्तक हातात आलं तरी काय? सगळं इंग्रजी. आम्ही भोकरदन, जाफराबाद, मंठ्याकडची पोरं. दहावीपर्यंत गणित मराठीत शिकलो, आणि चांगलं शिकलो. मला गणिताची भीती कधीच नव्हती. जालन्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती बसली. सर पुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचायचे, फळ्यावर आकृती काढायचे, वळून विचारायचे, "समजलं?" मागच्या बाकावरून कुणीतरी "हो सर" म्हणायचं. समजलेलं कुणालाच नसायचं. ज्या पोरांनी गावच्या शाळेत इतरांना गणितं समजावून सांगितली, ती पोरं इथं मान खाली घालून बसायची. माझ्या बाकावर राजूरकडचा एकजण होता. गणितात दोनदा नापास झाला आणि पहिल्या वर्षानंतर सुटला. एका ठेकेदाराकडं साइटवर देखरेखीला लागला. जाताना म्हणाला, "मला गणित येतं रे. ह्यांना कळत न्हाई मला येतं ते." हे वाक्य मी पुढं एका पत्रकात वापरलं.

कारण पत्रकं मीच लिहायचो. आमची एक छोटी विद्यार्थी संघटना होती. बसचे पास, वसतिगृहातलं पाणी, परीक्षा फी, ज्या कशावर संताप येईल त्यावर पत्रक. मला हे शिकवलं एका थोरल्या कार्यकर्त्यानं, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं किती दाब द्यायचा, रोलरला शाई किती लावायची, इथपासून. आणि लिहायचं कसं तेही. दादा माझा कागद घ्यायचे आणि पेन्सिलनं ओळीच्या ओळी मारायचे. "हे 'साधारणपणे' कशाला? 'काही परिस्थितीत' कशाला? माणूस एस.टी.ची वाट बघत उभ्यानं वाचणार. जर-तर लिहिलं की त्यानं बोळा करून फेकलं. नेहमी म्हण, कधीच म्हण, सगळे म्हण." मी ते इतकं घोटलं की मला साधं पत्रही तसंच लिहिता येऊ लागलं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी मी ठरवलं, पुस्तकाचा प्रश्न आपणच सोडवायचा. ग्रंथपालाशी भांडून एक प्रत मिळवली. शब्दकोश घेऊन बसलो. जे मला कळलं ते मराठीत लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं, मधोमध टाचण्या मारल्या. चोवीस पानी पुस्तिका, सत्तर प्रती. नाव कुणाचंच नाही, पत्रकावर नाव घालायचं नसतं. पोरांनी ती डोक्यावर घेतली. एकजण म्हणाला, "दोन वर्षांत पहिल्यांदा बीम म्हणजे काय ते कळलं, राव." पास झाला तो. बरेचजण पास झाले. मी हवेत होतो.

त्या पुस्तिकेच्या अकराव्या पानावर मी हे लिहिलं होतं:

"सळई कुठं टाकायची? नेहमी खाली. बीमवर वजन आलं की तो वाकतो, खालची बाजू ताणली जाते. काँक्रीट ताण सोसत नाही, लोखंड सोसतं. म्हणून सळई नेहमी खाली. डोळे झाकून लिहा."

तिसऱ्या वर्षी एका सकाळी सरांनी फळ्यावर वेगळी आकृती काढली. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. छज्जा, गॅलरी, जे भिंतीतून नुसतंच बाहेर येतं ते. म्हणाले, हा कॅन्टिलिव्हर. इथं उलटं होतं. टोक खाली झुकतं, ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळई वर. "खाली टाकली तर?" सरांनी हातातलं डस्टर सोडून दिलं. ते फरशीवर आपटलं, खडूची धूळ उडाली. पोरं हसली.

मला हसू आलं नाही. आठवडाभरापूर्वी भोकरदनच्या स्टँडवर तो माझ्या बाकावरचा मित्र भेटला होता. परीक्षेला बाहेरून बसायचं म्हणून पुस्तिकेची एक प्रत मी त्याला दिली होती. ती त्यानं शर्टाच्या आतून काढून दाखवली.

"तुझं पुस्तक लई कामाला येऊन राह्यलं. राजूरला गणपतीच्या रस्त्याला एका मावशीच्या दुकानावर गॅलरी टाकली. मिस्त्री सळई वर बांधून बसल्ता. म्हटलं, चाचा, हे बघा, छापलेलं हाय. नेहमी खाली! गप सोडली आन् खाली बांधली."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघ. म्हटलं होतं ना?"

"चतुर्थीच्या आधी टेकू काढून देतो म्हणून शब्द दिलाय. मावशीला पुढं नारळ मांडायचेत."

आता चतुर्थी दोन दिवसांवर आली होती.

मी वर्गातून उठलो तेव्हा सर काहीतरी ओरडले. ग्रंथालय उघडं होतं, कपाटही. तेच पुस्तक काढलं, तेच पान. तिथं होतं सगळं. मी घेतलेल्या परिच्छेदाच्या लगेच खाली, तीन ओळी. वरचं फक्त दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमसाठी, कॅन्टिलिव्हरला सळई वर. शेजारी आकृतीही होती. त्या तीन ओळींवर पेन्सिलनं आडवी रेघ मारलेली होती आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "नंतर". कॅन्टिलिव्हरच्या धड्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो. परीक्षा आली होती.

पुस्तक शर्टाखाली घातलं आणि स्टँडवर धावलो. नोंद केली नाही. म्हणजे चोरलंच.

राजूरवरून जाणारी भोकरदनची एस.टी. लागलेली होती, पण सुटत नव्हती. कंडक्टर कुणाशी तरी बोलत उभा. मी खिडकीशी बसून हिशेब मांडायला लागलो. गॅलरी किती बाहेर? साडेतीन फूट धरली. जाडी किती? चार इंच? लांबी दुकानाएवढी. वजन काढलं. पुन्हा काढलं तर वेगळंच आलं. तिसऱ्यांदा मांडलं, तेही जुळेना. चतुर्थीला राजूरला पाय ठेवायला जागा नसते. दुकानासमोर बाया पोरं घेऊन उभ्या असतात, पायातल्या चपला तिथंच सोडतात. टेकू काढल्यावर लगेच पडेल, का लोक वर चढल्यावर पडेल, हे मला पुस्तकातून काढता येईना.

एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. बस सुटल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं ते या विचारानं की पुस्तिकेवर माझं नाव नाही. मी म्हणू शकतो, मी नाही लिहिली. कुणी लिहिली कुणास ठाऊक, वाटली होती कुणीतरी. हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. बावणे पांगरीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा उतरावं आणि परतीची पकडावी असंही वाटलं. उतरलो नाही. का उतरलो नाही ते सांगता येत नाही. धाडस वगैरे नव्हतं, पायच उचलत नव्हते.

राजूरला उतरून गणपतीच्या रस्त्याला लागलो तर लांबूनच गॅलरी दिसली. होती जागेवर. खाली सहा लाकडी बल्ल्यांचे टेकू असावेत, त्यातले टोकाकडचे दोन काढून भिंतीला लावून ठेवलेले. मिस्त्री वाकून तिसऱ्या बल्लीखालच्या पाचरीला हातोडी लावत होता. अगदी हळूहळू. आणि बरोब्बर गॅलरीखाली एक मावशी पोत्यातून नारळ काढून रांग लावत होत्या.

"बाहेर या! थांबवा! मावशी, बाहेर या!"

रस्त्यातली माणसं वळली. मावशी वळल्या नाहीत.

"काय झालं याला? कोण हे?" त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "आणा आता आणखी एकजण. आधीच चार दिवसांपासून तुमचं पाणी मारनंच सरत न्हाई. गॅलरी हाय का म्हैस?"

माझा मित्र आतून आला. मला बघून खूश झाला. "अरे, तू? बघायला आला का? चाचा, हाच तो! यानंच लिहिलंय पुस्तक!"

संपलं. नाव नसण्याचा फायदा तिथं संपला.

मी म्हणालो, "चुकलंय ते. गॅलरीला सळई वर पाहिजे. टेकू काढू नका."

तो हसला. मग हसायचा थांबला. "येडा झाला का? तूच लिहिलं ना, नेहमी म्हणून? डोळे झाकून लिहा म्हणून?"

"लिहिलं. चुकलं."

"आरं पण छापलंय!"

मी शर्टाखालून इंग्रजी पुस्तक काढलं. त्याला पान दाखवलं. त्यानं आकृती बघितली, ओळी बघितल्या, त्यावरची पेन्सिलची रेघ बघितली. त्याचा चेहरा उतरत गेला. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजे आता कोणतं खरं धरायचं? मागचं का आजचं? उद्या तिसरं घेऊन येशील!"

मिस्त्री उठून उभे राहिले. साठीचा माणूस, दाढीला सिमेंट लागलेलं. हातोडी खाली ठेवून ते शिडीनं वर गेले आणि मला बोटानं बोलावलं. मी अर्ध्या शिडीवरून बघितलं. भिंतीला लागून, गॅलरीच्या वरच्या अंगाला, केसाएवढी एक रेघ होती. बाकीचं काँक्रीट वाळलेलं, पण त्या रेघेत सकाळचं पाणी अजून ओलं होतं.

"दोन बल्ल्या काढल्या तेव्हा आली," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस साल झाले काम करून राह्यलो, बेटा. सळई वरच बांधल्ती मी. पण यानं किताब दाखवली. मला वाचता येत न्हाई. छापलेल्यापुढं मी काय बोलू? मंग म्हटलं, पाणी मारू अजून, पक्की व्हईल. चार दिवस पाणीच मारलं."

खाली मावशींना हे सांगितलं तरी पटेना. चतुर्थी परवा, लोकं येणार, गॅलरी उभी तर दिसतेय. त्या माझ्याजवळ आल्या, मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"एवढा पळत आला ना तू? मंग असं कर. तू उभा राह्य इथं, बराबर मधी. मिस्त्री टेकू काढतील. न्हाई पडली तर घरी जा. चल, ये."

त्यांनी माझा दंड धरला आणि सावलीत ओढलं. ओढ फार नव्हती. मी एक पाऊल गेलो, वर बघितलं, फळ्यांवर ओघळलेल्या सिमेंटच्या रेघा दिसल्या, आणि मी हात सोडवून मागं सरकलो. पाठ मागच्या सायकलीवर आदळली, सायकल पडली. रस्त्यातलं कुणीतरी हसलं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एकदा वर गॅलरीकडं बघितलं. मग पदर खोचला आणि वाकून नारळ पोत्यात भरायला लागल्या. "उचला रे," दुकानात कुणाला तरी म्हणाल्या. "सगळं बाहेर काढा. आधी नारळ, मंग हारांचं टेबल."

काढलेल्या दोन्ही बल्ल्या मिस्त्रींनी परत ठोकल्या, शेजारी आणखी दोन उभ्या केल्या. रस्त्याच्या बाजूनं दोर बांधला. चतुर्थी झाली की फोडायची, असं ठरलं. ठेकेदाराला कोण सांगणार यावर माझा मित्र एकदम म्हणाला, "मी सांगतो," आणि माझ्याकडं पाठ करून दुकानाच्या पायरीवर बसला. त्याची नोकरी गेली. ते मला नंतर कळलं, त्यानं सांगितलं नाही.

मी समोरच्या पाराला टेकून बसलो होतो. मिस्त्री हात धुऊन आले, शेजारी बसले, पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला.

"किती छापले असे?"

"सत्तर."

"कुनाकुनाकडं हायेत?"

मी वहीचं पान फाडलं आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागलो. वर्गातली नावं आली. पिंपळगाव रेणुकाईचे दोघे, त्यातल्या एकाचा भाऊ सेंट्रिंगचं, स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं काम करतो, त्याच्या नावाखाली रेघ ओढली. जाफराबादचा एक. वसतिगृहातले सहा. मग मित्र दुकानाच्या पायरीवरून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्याकडून तिघांनी उतरून घेतलंय. साइटवरच्या पोरांनी." त्यांची नावं त्यानं सांगितली, गावं सांगितली. मी लिहिली.

सदतिसाव्या नावावर हात थांबला. उरलेल्या प्रती मी जालन्याच्या स्टँडवर वाटल्या होत्या, पत्रकं वाटतात तशा. ज्यानं हात पुढं केला त्याच्या हातात.

"बाकीचे?" मिस्त्रींनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मंग इथं काय बसला?" ते म्हणाले. "ज्यांची नावं हायेत तिथं तर जा. पिंपळगावच्याकडं आधी जा, त्याचा भाऊ सेंट्रिंगवाला हाय म्हनला ना. भोकरदनवरून जा, गाडी लागली बघ. पळ."